आंजेलुस आणि खानदेश: एक वाटचाल

नाशिक धर्मप्रांताची स्थापना १५ मे १९८७ ची. थॉमस भालेराव पहिले बिशप झाले आणि धुळे-जळगावच्या कॅथलिकांचा पुण्याकडे जाणारा रस्ता नाशिकपाशी थांबला. त्यापूर्वी पुणे धर्मप्रांताची हद्द उत्तरेला तापीपर्यंत होती. भुसावळला रेल्वे आल्यावर नोकरीनिमित्त गोव्याकडची आणि अँग्लो-इंडियन कुटुंबं इथे स्थिरावली. त्यांच्या रोजच्या प्रार्थनांपैकी एक म्हणजे आंजेलुस.

हे नाव लॅटिन प्रार्थनेच्या पहिल्याच शब्दाचं. आंजेलुस म्हणजे दूत. देवाच्या दूताने मरियेला निरोप दिला, तिने होकार दिला, शब्द देहधारी झाला. तीन वचनं आणि प्रत्येकामागे एक ‘नमो मरिये’, एवढाच तिचा सांगाडा. घंटाही तशीच वाजते: तीन टोले, थांबा, पुन्हा तीन, थांबा, पुन्हा तीन आणि मग सलग नऊ. घंटा थांबेस्तोवर प्रार्थना म्हणून होते, म्हणून शेतात किंवा रुळांवर राबणाऱ्यालाही ती जमते. तिचं मोठेपण मला यातच दिसतं.

सकाळ, दुपार आणि संध्याकाळ या तिच्या तिन्ही वेळा एकदम ठरलेल्या नाहीत. आधी आली संध्याकाळची. तेराव्या शतकात फ्रान्सिस्कन मठांत सायंघंटेला तीनदा ‘नमो मरिये’ म्हणण्याची चाल होती, तिला १३१८ मध्ये पोप बाविसावे जॉन यांनी मान्यता दिली. सकाळची घंटा मागाहून रुळली. दुपारच्या घंटेमागे मात्र युद्ध आहे. १४५६ मध्ये तुर्की फौजा बेलग्रेडवर चालून गेल्या, तेव्हा पोप तिसरे कॅलिक्स्टस यांनी दुपारी घंटा वाजवून प्रार्थना करायला सांगितलं. हल्ली रविवारी दुपारी पोप व्हॅटिकनच्या खिडकीतून हीच प्रार्थना म्हणतात. ती प्रथा बारावे पायस यांनी १९५४ मध्ये सुरू केली.

मराठीला दूताच्या निरोपाचा हा प्रसंग परका नव्हताच. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराणा’त, १६१६ मध्ये, मरियेला आलेला निरोप ओवीत सांगितला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) मिस्सेतही लोकभाषा आली. त्यामुळे १९८७ मध्ये नवा धर्मप्रांत उभा राहिला, तेव्हा वेदीवर मराठी रुळलेली होती. पुढे १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. धर्मप्रांत तोच राहिला.