जबाब

पोलिसांच्या कागदावर पहिली ओळ ठरलेली असते: ‘समक्ष हजर राहून विचारलेवरून जबाब देतो की…’ अरबी ‘जवाब’ म्हणजे उत्तर. तो फारसीच्या वाटेने मराठीत आला, ‘व’चा ‘ब’ झाला. जोडीची ‘जबानी’ फारसी ‘जबान’मधली, म्हणजे जिभेवरची. आज दोन्ही एकाच अर्थाने वापरतात, पण मला ‘जबाब’ अधिक प्रामाणिक वाटतो, कारण त्यात कुणीतरी विचारल्याची खूण आहे. कागदावर मात्र ‘विचारलेवरून’ एवढंच उरतं. नेमकं काय विचारलं, ते बहुधा गळून जातं.

त्यात आणखी एक गाळणी. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 173(6) ने आरोपीला द्यायच्या प्रतीतून जबाबाचा काही भाग वगळण्याची विनंती करायची मुभा तपास अधिकाऱ्याला दिली. ही विनंती कारणांसह दंडाधिकाऱ्यांपुढे ठेवावी लागते, आणि हे ‘कारणांसह’ मला फार मोलाचं वाटतं. पीडितेचं नाव झाकलंच पाहिजे, त्यावर वाद नाही. पण ज्याच्या स्वातंत्र्याचा प्रश्न आहे, त्याच्या हाती काळ्या पट्ट्यांचा कागद देताना तो मजकूर का झाकला, हे न्यायालयाने तपासलेलं असलंच पाहिजे.