‘प’ पानिपतचा, ‘प’ पालखेडचाही
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

बालवाडीतल्या तक्त्यावर ‘प’ पतंगाचा असतो. पुण्यात थोडे वय झाले, की तो पानिपतचा होतो आणि आणखी वय झाले, की पानशेतचा. पानिपत १७६१चे, पानशेत १९६१चे. मध्ये बरोबर दोनशे वर्षे. हा हिशेब जुन्या पुणेकरांच्या तोंडी हमखास असायचा आणि तो सांगून झाला, की पुढचे वाक्य ठरलेले : ‘प’ हे अक्षरच आपल्याला धार्जिणे नाही! इतिहासावर चार शब्द बोलायला कुठेही गेलो, तरी हे वाक्य मला कोणीतरी ऐकवतेच. म्हणून म्हटले, आज या ‘प’चीच एकदा झडती घेऊ.

सुरुवात प्रतापगडापासून करू. १० नोव्हेंबर १६५९ रोजी गडाच्या पायथ्याशी अफजलखान मारला गेला आणि त्यानंतर अवघ्या अठरा दिवसांत, २८ नोव्हेंबरला, शिवाजीमहाराजांनी पन्हाळा घेतला. तीन आठवड्यांच्या आत दोन ‘प’ पदरात पडले. आता हे अक्षर अशुभ कसे म्हणायचे? पण पुढच्याच वर्षी त्याच पन्हाळ्यावर महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकले. मार्चपासून जुलैपर्यंत वेढा उठेना, पावसाळा लागला तरी सैल होईना. जुलैतल्या त्या पावसाळी रात्री महाराज विशाळगडाकडे निसटले आणि बाजीप्रभू देशपांडे व त्यांच्या मावळ्यांनी घोडखिंडीत पाठलाग अडवून धरला. लक्षात घ्या, खिंडीचे नाव घोडखिंड होते. ती पावनखिंड झाली नंतर. माणसे आधी पडली आणि ‘प’ मागून आला. पन्हाळाही पुढे आदिलशहाला द्यावा लागला आणि १६७३ मध्ये पुन्हा घेतला गेला. एकच किल्ला, तो कोणत्या रकान्यात मांडायचा?

पुरंदरची गोष्ट याहून गमतीची आहे. या एका नावाने इतिहासात दोन तह आहेत. पहिला जून १६६५चा. मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान यांनी पुरंदरला वेढा घातला, शेजारचा वज्रगड पडला, मुरारबाजी देशपांडे धारातीर्थी पडले आणि महाराजांनी तहाची बोलणी केली. तेवीस किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख गेला. बारा किल्ले आणि एक लाख होनांचा मुलूख राहिला. शाळेच्या पुस्तकात हा मानहानीचा तह म्हणून येतो. आकडे पाहिले तर तो तसा आहेही. पण हे आकडे दुसऱ्या बाजूनेही वाचता येतात. बुडते घर सावरताना माणूस आधी वासे वाचवतो, कौले नंतर बघतो. महाराजांनी बारा वासे वाचवले. पाच वर्षांनी, फेब्रुवारी १६७० मध्ये सिंहगड आणि मार्चमध्ये खुद्द पुरंदर परत आला.

दुसरा तह १ मार्च १७७६चा. मुंबईकर इंग्रजांनी राघोबादादांशी सुरतेस परस्पर तह केला होता. तो कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारला मान्य नव्हता, म्हणून त्यांनी कर्नल अप्टनला पाठवून पुण्याच्या कारभाऱ्यांशी पुरंदरला नवा तह केला. मुंबईकरांनी तोही पाळला नाही आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला शरणागतीचा करार लिहून दिला. वडगाव हे मराठ्यांचे मोठे यश. पण ते ‘व’मध्ये मोडते, म्हणून ‘प’च्या हिशेबात कोणी धरत नाही!

आता मला जिथे थोडे रेंगाळायचे आहे तिथे येऊ, म्हणजे पालखेडला. पालखेड म्हटले की बहुतेकांना दिंडोरीचे धरण आठवते. ते वेगळे. लढाईचे पालखेड वैजापूरच्या पूर्वेला, दौलताबादकडे जाताना लागते. दक्षिणेच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी शाहू महाराजांना १७१९ मध्ये मिळाली होती. निजामाने नंतर हरकत काढली, की छत्रपती दोन आहेत, साताऱ्याचे आणि कोल्हापूरचे; पैसे कोणाला द्यायचे? अशी हरकत काढणारा कारकून आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. फरक इतकाच, की या कारकुनाकडे तोफा होत्या.

बाजीरावाचे वय तेव्हा सत्तावीस. निजामाच्या जड तोफखान्यासमोर उभे राहण्याचा मूर्खपणा त्याने केला नाही. तो जालन्याकडे गेला, खानदेशात गेला, बऱ्हाणपुरावर जाणार अशी हूल उठवली आणि गुजरातेत उतरला. निजाम आधी त्याच्यामागे धावला, मग कंटाळून पुण्यावर आला. पुणे त्याच्या ताब्यात गेले. एखादा असता तर राजधानीचा परिसर सोडवायला धावत आला असता. बाजीराव आला नाही. तो औरंगाबादच्या रोखाने निघाला. आता धावण्याची पाळी निजामाची होती. वेगाने जायचे म्हणून त्याने अवजड तोफा मागे ठेवल्या, गोदावरी ओलांडली आणि फेब्रुवारी १७२८ अखेर पालखेडच्या परिसरात तो अशा जागी सापडला, की दाणावैरण बंद, पाणी बंद आणि चारही बाजूंना मराठ्यांचे घोडेस्वार. ६ मार्चला मुंगी-शेवगावला तह झाला. शाहू महाराजांचा हक्क निजामाने मान्य केला.

दुसऱ्या महायुद्धातले इंग्रज सेनापती माँटगोमेरी यांनी युद्धांच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथात या मोहिमेची वेगवान हालचालींचा नमुना म्हणून वाखाणणी केली आहे. आपल्याकडे मात्र पालखेडचा वाक्प्रचार झाला नाही. परीक्षेत नापास झालेल्याचे ‘पानिपत’ होते. पहिल्या आलेल्याने ‘पालखेड केले’ असे कोणी म्हणत नाही. याचे कारण माझ्या मते साधे आहे. पालखेडला फारशी माणसे मेलीच नाहीत. ज्या लढाईत घरोघरच्या बांगड्या फुटल्या नाहीत, ती पोवाड्याला आणि ओवीला कशी सापडणार?

प्लासीकडे धावती नजर टाकू, कारण तिथे लढाई कमी आणि फितुरी जास्त. २३ जून १७५७. क्लाइव्हकडे सुमारे तीन हजार माणसे, सिराजउद्दौल्याकडे पन्नास हजारांच्या घरात. पाऊस आला, नवाबाची दारू भिजली, इंग्रजांनी आपली झाकून ठेवली होती. मीर जाफर आपली फौज घेऊन नुसता उभा राहिला. गावाचे मूळ नाव पलाशी, पळसाच्या झाडांवरून पडलेले. आपला यात हात नव्हता असे मात्र समजू नका. १७४२ ते १७५१ या काळात नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांनी बंगालची नवाबी पुरती खिळखिळी केली होती. आपला ‘बारगीर’ तिकडे ‘बर्गी’ झाला आणि त्याची भीती घालून बंगाली आया मुलांना झोपवू लागल्या. आपल्या ‘प’चे हे एक पान आपण सहसा उघडत नाही.

पळसाला पाने तीनच, तशा पानिपतलाही लढाया तीन : १५२६, १५५६ आणि १७६१. पहिल्या दोन आपल्या नव्हेत. तिसरीने मात्र मराठी भाषेत घर केले. ती बुधवारी, पौष शुद्ध अष्टमीला, म्हणजे १४ जानेवारीला झाली. संक्रांतीच्या दिवशी झाली असे सर्रास लिहिले जाते, पण त्या साली संक्रांत तीन-चार दिवस आधीच येऊन गेली होती. सूर्याचे मकरसंक्रमण १४ तारखेला येऊ लागले ते खूप नंतर. ‘संक्रांत कोसळली’ हा वाक्प्रचार आपल्याला इतका प्रिय, की आपण पंचांगही त्याला जुळवून घेतले.

सदाशिवरावभाऊ मार्च १७६० मध्ये निघाले ते पतदूरहून, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यातल्या परतूरहून. नुकताच उदगीरला निजामाचा पराभव झालेला. ऑगस्टमध्ये दिल्ली घेतली, ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा. तेवढ्यात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून अलीकडे आला आणि भाऊंचा दिल्लीचा रस्ता तुटला. मग अडीच महिने दोन्ही फौजा समोरासमोर. डिसेंबरमध्ये रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. छावणीत इब्राहिमखान गारद्याच्या उत्तम तोफा होत्या, पण यात्रेकरू, बायकामुले आणि बुणगे यांचा मोठा समुदायही होता. जनावरे उपाशी मरू लागली. अखेर, उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, असे म्हणून फौज बाहेर पडली.

आता पालखेड आणि पानिपत शेजारीशेजारी ठेवून पाहा. अवजड तोफखाना, तुटलेली रसद, अन्नपाण्यावाचून अडकलेली छावणी. पहिल्या ठिकाणी अडकला निजाम, दुसऱ्या ठिकाणी अडकलो आपण. बत्तीस-तेहतीस वर्षांत धडा तोच राहिला, गिरवणारे बदलले. पन्हाळ्याचा वेढा आठवा, पुरंदरचा आठवा. ‘प’चे काही असेलच, तर ते पोटापाण्याचे आहे, एवढे म्हणण्याची मुभा मी घेतो.

आणि पानिपतने सारे संपले, हेही खरे नाही. दोनच वर्षांनी, ऑगस्ट १७६३ मध्ये, माधवरावांनी राक्षसभुवनला निजामाला हरवले. १७७२च्या जानेवारीत मराठ्यांनी बादशहाला दिल्लीच्या तख्तावर परत आणून बसवले. पण राक्षसभुवन ‘र’चे आणि दिल्ली ‘द’ची. अक्षरांचा खेळ असा, की आधी ‘प’ची नावे वेचायची आणि मग म्हणायचे, बघा, सगळी नावे ‘प’चीच आहेत!

भाषा बदलली तर खेळही बदलतो. १९४७ची घटना इंग्रजीत ‘पार्टिशन’ म्हणून ‘प’ची, मराठीत फाळणी म्हणून ‘फ’ची, हिंदीत विभाजन म्हणून ‘व’ची आणि उर्दूत तक्सीम म्हणून ‘त’ची. बेघर झालेल्यांना यातले कोणतेही अक्षर हलके गेले नाही.

विसाव्या शतकातला एक ‘प’ मला कोणत्याच रकान्यात टाकता येत नाही, तो म्हणजे २४ सप्टेंबर १९३२चा पुणे करार. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचे उपोषण चालू होते आणि डॉ. आंबेडकरांवर साऱ्या देशाचे दडपण होते. स्वतंत्र मतदारसंघ गेले, त्याऐवजी संयुक्त मतदारसंघांत प्रांतिक कायदेमंडळांच्या १४८ राखीव जागा आल्या, आधीच्या निवाड्यापेक्षा कितीतरी जास्त. जागा वाढल्या, पण त्या जागांवर कोण निवडून येणार हे कोणाच्या मतांनी ठरणार, हा बाबासाहेबांचा प्रश्न होता. पुढे १९४५च्या आपल्या ग्रंथात त्यांनी या करारावर कठोर टीका केली. गंमत म्हणजे मराठीत पराक्रम आणि पराभव हे दोन्ही शब्द ‘परा’नेच सुरू होतात.

राहिले पानशेत. इथे मात्र मला हसू येत नाही. मुठेला मिळणाऱ्या आंबी नदीवरचे हे मातीचे धरण १९६२ मध्ये पुरे व्हायचे होते. घाई करून १९६१च्या पावसाळ्यातच त्यात पाणी साठवले गेले. पाणी सोडण्याची व्यवस्था अपुरी होती, कामे व्हायची होती. बांध खचू लागला तेव्हा लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूच्या गोण्या रचल्या. त्यामुळे धरण रात्री न फुटता १२ जुलैच्या सकाळी फुटले आणि किती माणसे वाचली याची मोजदाद करता येणार नाही. त्या पाण्याने खालचे खडकवासलाही फोडले आणि नदीकाठच्या पेठा बुडाल्या. गोखलेनगरसारख्या वस्त्या या पुरातल्या विस्थापितांसाठी उभ्या राहिल्या. चौकशी झाली, अहवाल आले. पण पुण्यात कोणालाही विचारा, धरण का फुटले हे सांगणारे थोडे आणि पानिपतनंतर दोनशे वर्षांनी फुटले हे सांगणारे पुष्कळ. खापर अक्षरावर फुटले, की घाई करणारे सुटतात. पानिपतचेही तेच. नशिबाच्या नावाने बोटे मोडली, की रसदीचा हिशेब कोणी मागत नाही.

एक योगायोग मात्र मला सांगितल्यावाचून राहवत नाही. पानिपतच्या बातमीने खचलेल्या नानासाहेब पेशव्यांनी २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर प्राण सोडला. प्लासीच्या लढाईला त्या दिवशी नेमकी चार वर्षे पुरी होत होती. आणि १९६१च्या जुलैत पुराचे पाणी चढू लागले, तेव्हा हातात येईल ते घेऊन, पोरांना खांद्यावर बसवून पुणेकर उंच जागा शोधत धावले, ते याच पर्वतीच्या पायऱ्यांकडे.