बारा गुंठे गेले कुठे?

सातबाऱ्यावर चूक निघाली की हल्ली सगळे संगणकाच्या नावाने बोटं मोडतात. तलाठी म्हणतो ऑपरेटरने घोळ घातला, ऑपरेटर म्हणतो हस्तलिखितातच तसं होतं, आणि खातेदार दोघांचाही उद्धार करत तहसीलच्या पायऱ्या झिजवतो. मी तलाठी म्हणून लागलो आणि मंडल अधिकारी म्हणून निवृत्त झालो. तेवढ्या काळात जी दप्तरं उलगडली, त्यावरून माझं मत पक्कं झालं आहे. गावचं दप्तर जेव्हा जेव्हा एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरलं, तेव्हा काही ना काही सांडलंच. संगणक ही त्यातली सर्वांत अलीकडची वही. आधीच्या वह्या निदान चावडीवर वाचल्या जायच्या, म्हणून सांडलेलं सापडायचं तरी.

इंग्रजी अमलाच्या सुरुवातीला, १८३० च्या आसपास, प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे भागात जमिनीची मोजणी केली. जमिनीचं निव्वळ उत्पन्न काढायचं आणि त्यावर सारा बसवायचा, अशी मोठी शास्त्रशुद्ध योजना होती. पण तिचे आकडे भरणारे खालचे लोक. ज्याने हात ओले केले त्याची काळी जमीन कागदावर हलकी झाली, ज्याने केले नाहीत त्याचं माळरान बागायतीच्या जवळ जाऊन बसलं. सारा झेपेना, तेव्हा लोक जमिनी टाकून निघून गेले. मग १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापूर तालुक्यापासून नव्याने सुरुवात केली.

त्यांची पद्धत मला आजही आवडते. शेताचा कच्चा नकाशा काढून त्याचे चौकोनी भाग पाडायचे आणि प्रत्येक भागात मातीची खोली पाहून प्रत ठरवायची. अशा नऊ प्रती. मातीत वाळू असेल, चुनखडीचे खडे असतील, उतार असेल, पाणी साचत असेल, तर त्या त्या दोषासाठी एकेक ठरलेली खूण, आणि एका खुणेला प्रत एक पायरी खाली. म्हणजे पेन्सिलीच्या चार टिंबांवर एखाद्या घराचा पिढ्यान्‌पिढ्यांचा सारा ठरायचा. मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा भाग, प्रत्येक भाग एक आणा. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर.

हे चाळीस लक्षात ठेवा, कारण पुढचा निम्मा गोंधळ त्यांच्यापायी आहे.

दप्तरात एक एकर वीस गुंठे लिहायचे तर ‘१–२०’ असं लिहीत. कुणी आडवी रेघ द्यायचा, कुणी नुसतं टिंब. १९५६ च्या कायद्याने दशमान मापं आली आणि पुढे दप्तरातही एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर करायची वेळ आली. आता ‘१.२०’ हा आकडा समोर ठेवा. गावातलं पोरही सांगेल की हा दीड एकर, साठ गुंठे, म्हणजे ६० आर ७० चौरस मीटर. पण शाळेत दशांश शिकून आलेला कारकून त्याला एक पूर्णांक दोन दशांश एकर समजतो. त्याचे होतात अठ्ठेचाळीस गुंठे. बारा गुंठे गेले! बांध हलला नाही, खरेदीखत झालं नाही, भाऊबंदकीत कुणी कुणाचं डोकं फोडलं नाही, तरी बारा गुंठे गेले. उलट बाजूनेही तसंच. ६०.७ आर हे हेक्टर, आर, चौरस मीटर अशा तीन रकान्यांत भरताना सातापुढचं शून्य राहिलं, की ७० चौरस मीटरचे सात होतात. त्रेसष्ट चौरस मीटरसाठी शेतकरी कोर्टात जात नाही, पण गुंठ्याला लाखांचा भाव आला की जातो.

नावांची तऱ्हा वेगळी. वंशपरंपरेने दप्तर सांभाळणाऱ्या कुलकर्ण्यांची वतनं १९५१ साली गेली आणि पगारी तलाठी आला. कुलकर्ण्याचं दप्तर मोडीत. मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द तोडून लिहायची रीत नाही, ओळभर आधी रेघ ओढायची आणि खाली अक्षरांची रांग. ती वाचणाऱ्याला गाव माहीत असेल तर अडचण नव्हती. बदलून आलेल्या तलाठ्याने तीच बालबोधीत उतरवली की नावाला नवा काना, नवी वेलांटी फुटायची.

सातबारा हा शब्द आपण एका दमात म्हणतो, पण ते दोन नमुने आहेत. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख, म्हणजे जमीन कुणाची ते. गाव नमुना बारा म्हणजे पीकपाहणी. अधिकार अभिलेखाचा कायदा मुंबई इलाख्यात १९०३ साली आला. खरेदी, वारस, वाटप काहीही झालं की आधी सहा नंबरच्या वहीत फेरफार धरायचा आणि तो मंजूर झाल्यावर सातबाऱ्यावर अंमल द्यायचा. जुनं नाव खोडायचं नाही, कंस करायचा. बाजूला गोल काढून त्यात फेरफाराचा नंबर. पुढे दर दहा वर्षांनी कोरे नमुने घेऊन पुनर्लेखन.

सगळ्यात जास्त सांडायचं ते या पुनर्लेखनात, आणि तेही एका ठरावीक रकान्यातून. मुख्य रकान्यात भावांची नावं असायची, बहिणींची नावं ‘इतर हक्क’ या रकान्यात कोपऱ्यात बारीक अक्षरांत. तिथेच विहिरीतला चार आण्यांचा हिस्सा, तिथेच वाटेचा हक्क. जागा पुरली नाही, दिवस मावळला, शाई संपली, कारण काहीही असो, बारीक अक्षरं नव्या पानावर यायची राहायची. एकाही भावाने ‘आमच्या बहिणीचं नाव राहिलं’ असा अर्ज आपणहून दिलेला मी पाहिला नाही.

आता चावडीचं सांगतो. फेरफाराची नोटीस चावडीवर लागायची, हितसंबंधितांना पंधरा दिवसांची मुदत मिळायची. मग सर्कल, म्हणजे मंडल अधिकारी, गावात यायचे आणि नोंदी वाचून मंजूर करायचे. समोर पाटील, चार म्हातारे, उगाच बसलेले दोघे-तिघे. तलाठी वाचत असताना मधेच कुणी तरी काठी आपटायचं. “थांबा भाऊसाहेब. ती हीर तिघांची हाय, दोघांची न्हवं. धोंडीची पाळी कुठं घातली?” वही मागे उलटायची, जुनं पान निघायचं, आणि धोंडीची चार आणे विहीर परत यायची. पुढे नोंदी तालुक्याच्या खोलीत मंजूर व्हायला लागल्या, आणि त्या म्हाताऱ्यांना विचारणारं कुणी राहिलं नाही.

जमिनीचे अभिलेख संगणकावर घ्यायची केंद्राची योजना १९८८-८९ साली देशातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली. महाराष्ट्रातून त्यात वर्धा होता. पुढे सगळीकडे काम पसरलं आणि ठिकठिकाणी ते ठेक्याने बाहेरच्या पोरांनी केलं. पोरं हुशार होती, बोटं झरझर चालायची, पण त्यांनी ते गाव पाहिलेलं नव्हतं. मी तपासलेल्या नोंदींत ‘रामा बिन गणू’, म्हणजे गणूचा मुलगा रामा, या माणसाचं नाव रामा, वडिलांचं नाव बिन आणि आडनाव गणू झालेलं होतं. एके ठिकाणी चार ओळी ‘सदर’ आडनावाचे खातेदार होते, कारण मूळ वहीत तलाठ्याने आडनाव परत लिहायच्या कंटाळ्याने खाली ‘सदर’ लिहीत नेलं होतं. कंसाचा अर्थ न कळल्याने कंसातली नावंही टंकली गेली. मयत म्हणून कमी झालेले आजोबा नातवाच्या शेजारी पुन्हा खातेदार होऊन बसले. गोलातला फेरफार नंबर क्षेत्राच्या रकान्यात शिरलेला पाहिला, तेव्हा मात्र मी कपाळावर हात मारून घेतला.

यात हसण्यासारखं असलं तरी कायदा हसत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १५७ सांगतं की अधिकार अभिलेखातली मंजूर नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरीच मानायची. म्हणजे चूक एकदा नोंदीत बसली की ती खोटी ठरवायची जबाबदारी ज्याचं नुकसान झालं त्याच्यावर. बँक पीककर्ज देताना त्या कागदाकडे पाहते, भूसंपादनाचा मोबदला त्या कागदावर ठरतो. २०१९ पासून पीएम-किसानचे वर्षाला सहा हजार सुरू झाले, आणि सातबाऱ्यावर एक, आधारवर दुसरं, पासबुकावर तिसरं नाव असलेली माणसं किती आहेत ते एकदम उजेडात आलं. लेखनप्रमाद दुरुस्त करायला कलम १५५ आहे, तहसीलदार आदेश काढतात. ते कलम टंकलेल्या चुकांसाठी आहे, पण त्याच्या आडून मालकीच बदलल्याच्याही तक्रारी राज्यभर झाल्या. त्यानंतर साध्या माणसाच्या साध्या अर्जाकडेही अधिकारी संशयाने पाहू लागले.

ऑनलाइन फेरफाराची व्यवस्था नीट बसवायची तर आधी सातबारा हस्तलिखिताशी तंतोतंत जुळला पाहिजे, म्हणून एडिट आणि मग री-एडिट अशा दोन फेऱ्या झाल्या. तलाठ्यांनी रात्र रात्र जागून हे केलं, कारण दिवसा सर्व्हर हलत नसे. ते श्रम मी कमी लेखणार नाही. पण एक गोष्ट सांगितली पाहिजे. संगणक अहवाल काढायचा की अमुक गटाचं एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या क्षेत्राची बेरीज जुळत नाही. हे अहवाल ‘निरंक’ करायचे असा वरून रेटा. मूळ फाळणी, आकारबंद, फेरफार अशी जुनी कागदपत्रं काढून चूक शोधायची तर एका गटाला दिवस जातो. फरक शेवटच्या खातेदारावर टाकला किंवा पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारा भाग, थोडा कमीजास्त केला, तर दोन मिनिटांत अहवाल निरंक. असं करणारे होते. बेरीज बरोबर आली आणि माणसाचं क्षेत्र चुकलं. ही चूक आता कुठल्याच अहवालात दिसणार नाही.

२०१७ साली सरकारने चावडी वाचनाची खास मोहीम घेतली, ते मला या सगळ्यातलं सर्वांत शहाणपणाचं काम वाटतं. जिथे तलाठ्याने एकेक गट घेऊन सावकाश वाचलं, तिथे लोकांनी ढीगभर आक्षेप दिले. जिथे देवळासमोर कर्णा लावून तासाभरात गाव उरकलं, तिथे आक्षेप शून्य, आणि कागदावर तेच गाव नमुनेदार. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. स्वाक्षरी सांगते की हा कागद सरकारी साठ्यातून जसाच्या तसा आला. साठ्यात काय टंकलं होतं, त्याची हमी ती देत नाही.

जुन्या चुकांना किती आयुष्य असतं ते गटवारीवरून कळतं. तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा १९४७ चा. त्या योजनेत सर्व्हे नंबरांचे गट झाले आणि कित्येक ठिकाणी एकाच्या नावावरची जमीन दुसरा कसतोय, दुसऱ्याची पहिला. भांडणं तिसऱ्या पिढीत आली. २०२३ च्या जानेवारीत सरकारने सलोखा योजना आणली. बारा वर्षं असा उलटसुलट ताबा असेल तर हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि हजार रुपये नोंदणी फी भरून अदलाबदल करता येईल अशी सोय तिने केली. पण त्याला दोघांची संमती लागते, आणि एकाच्या बाजूने रस्ता गेला असेल तर ती मिळत नाही.

म्हणून वाचकहो, एवढं करा. घरात म्हातारं माणूस आहे तोवर सातबारा आणि आठ-अ, म्हणजे खात्याचा उतारा, काढून त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. क्षेत्राचे तिन्ही रकाने, कंसातली आणि कंसाबाहेरची नावं, इतर हक्क, आणि आत्याचं नाव. जुन्या हस्तलिखिताची नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळते, ती शेजारी ठेवा. फरक दिसला तर कलम १५५ खाली लेखी अर्ज द्या, तोंडी सांगून येऊ नका, आणि अर्जाची पोच घ्या.