स्तनाचा कर्करोग मेंदूत कसा पोहोचतो?

"डॉक्टर, गाठ तर स्तनात होती, तीही काढली. मग मेंदूत कुठून आली?" नातेवाईक हा प्रश्न हमखास विचारतात. मेंदूतली ही गाठ नवा आजार नसते. ऑपरेशनपूर्वीच रक्तात गेलेल्या काही पेशी शरीरात लपून राहू शकतात आणि कधी कधी काही वर्षांनी वाढू लागतात. त्या मेंदूत वाढल्या तरी स्तनाच्या कर्करोगाच्याच पेशी असतात.

पेशी मेंदूत कशा शिरतात?
मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. यालाच रक्त-मेंदू अडथळा म्हणतात. रक्तात फिरणाऱ्या बहुतेक कर्करोगपेशी वाटेतच मरतात. मोजक्या पेशी भिंतीचे सांधे सैल करणारी एन्झाइम्स तयार करून आत शिरतात.

तिथे त्या टिकतात कशा?
स्टीफन पॅजेट या इंग्लिश सर्जनने 1889 मध्ये म्हटले होते की, बी योग्य जमिनीतच रुजते. मेंदूची जमीन या पेशींना परकी असते. तिथले ॲस्ट्रोसाइट्स सुरुवातीला त्यांना मारू पाहतात. वाचलेल्या पेशी संरक्षक प्रथिने बनवतात आणि पुढे त्याच ॲस्ट्रोसाइट्सशी जोडून घेऊन त्यांची मदत मिळवतात. मेंदूत बाहेरून चरबी कमी मिळते, म्हणून काही पेशी ती स्वतः तयार करतात. यातले बरेचसे प्राण्यांवरील प्रयोगांतून समजले आहे.

धोका कोणाला जास्त?
हर-2 पॉझिटिव्ह आणि ट्रिपल निगेटिव्ह प्रकारांत, विशेषतः आजार आधीच इतरत्र पसरला असेल तर. सुई टाकून तपासणी केल्याने किंवा काही खाण्यात आल्याने असे होत नाही. स्वतःला दोष देऊ नका.

कोणत्या लक्षणांकडे लक्ष द्यावे?
नव्याने सुरू झालेली, वाढत जाणारी डोकेदुखी (विशेषतः सकाळी), उलट्या, फिट, एका बाजूचा अशक्तपणा, बोलताना अडखळणे, दोन-दोन दिसणे, स्वभावात बदल. "पित्त झाले असेल" म्हणून थांबू नका. कर्करोगतज्ज्ञांना लगेच कळवा. फिट आल्यास थेट रुग्णालय गाठा. निदानासाठी सहसा कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय करतात.

उपचार आहेत का?
आहेत. गाठींची संख्या, आकार आणि जागा पाहून शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन निवडतात. अनेक औषधांना रक्त-मेंदू अडथळा अडवतो. पण हर-2 पॉझिटिव्ह आजारात टुकॅटिनिबसारखी औषधे मेंदूतल्या गाठींवरही काम करतात. आजार पूर्ण बरा होणे कठीण असले, तरी वेळेत उपचार मिळाल्यास अनेकांचा त्रास कमी होतो आणि आयुष्य वाढते. म्हणून जुने बायॉप्सी रिपोर्ट जपून ठेवा आणि प्रत्येक भेटीला सोबत न्या.