मणिपूर कोणत्या रंगाचं?

माझ्या योगवर्गात नव्यानं आलेल्या बायका आधी चक्रांचे रंग विचारतात. मूलाधार लाल, मणिपूर पिवळं, सहस्रार जांभळं. इंद्रधनुष्याचा तक्ता प्रत्येकीच्या मोबाइलवर असतोच. मी त्यांना पूर्णानंदांच्या ‘षट्चक्रनिरूपणा’चा दाखला देते. ग्रंथ १५७७चा, बंगालातला. त्यात मणिपुराच्या दहा पाकळ्या भरून आलेल्या ढगासारख्या काळ्या आहेत आणि पिवळा आहे तो मूलाधारातला पृथ्वीतत्त्वाचा चौकोन. इंद्रधनुष्य विसाव्या शतकातलं. कलकत्ता हायकोर्टाचे न्यायाधीश जॉन वुड्रॉफ यांनी ‘आर्थर अॅव्हलॉन’ या टोपणनावानं हाच ग्रंथ १९१९मध्ये इंग्रजीत नेला आणि साहेबाच्या देशात चक्रांची चर्चा वाढली.

मराठी माणसाला त्यासाठी १९१९पर्यंत थांबावं लागलं नव्हतं. गीतेचा सहावा अध्याय आसन कसं घालावं, मान ताठ ठेवावी, नजर नासाग्री असावी इतकंच सांगतो. कुंडलिनीचं तिथं नाव नाही. ज्ञानेश्वरांनी मात्र त्याच श्लोकांवर मूळबंध, जालंधर, वोढियाणा आणि जागी होणारी कुंडलिनी असं सगळं सविस्तर मांडलं, शके १२१२मध्ये. गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांकडे आणि तिथून त्यांच्याकडे आलेली ही नाथांची विद्या. गुरूनं शिष्याला एकांतात द्यायची गोष्ट ओवीत आली.

पुढे तिला प्रयोगशाळेत नेलं तेही इथंच. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, बडोद्याला माणिकरावांच्या आखाड्यात घडले आणि नर्मदाकाठी मालसरच्या माधवदासजींकडे योग शिकले. १९२४मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि ‘योगमीमांसा’ त्रैमासिकही. बस्तीत योगी गुदद्वारावाटे पाणी वर ओढून घेतो, ते कसं? कुवलयानंदांनी नौली करणाऱ्याच्या आतड्यातला दाब मोजला. नौलीत पोटाचे मधले स्नायू पुढे काढले की आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि पाणी आपसूक वर चढतं. या पोकळीला त्यांनी गुरूंचं नाव दिलं, ‘माधवदास व्हॅक्यूम’. प्राणायामानं शरीराला जास्त ऑक्सिजन मिळतो, हा लाडका समजही त्यांनी मोजमाप करून बाजूला सारला.

चक्रं मात्र यंत्रात सापडली नाहीत. मुंबईचे डॉ. वसंत रेळे यांनी १९२७च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात कुंडलिनी म्हणजे व्हेगस ही नस, असं मांडून पाहिलं. प्रस्तावना वुड्रॉफ यांचीच, पण कुंडलिनीला नस म्हणणं त्यांनाही पटलं नाही.

माझं मत विचाराल तर चक्र ही ध्यानासाठी नेमून दिलेली जागा आहे. तिथं मन ठेवायचं. ग्रंथांत चक्रांची संख्या बदलते, रंग बदलतात, म्हणून साधना खोटी ठरत नाही. उड्डियान, म्हणजे ज्ञानेश्वरांचा वोढियाणा, बांधताना बरगड्यांखाली पोट खोल जातं, श्वास बाहेर थांबतो, तेवढा वेळ मनात दुसरं काही येत नाही. हे मी रोज अनुभवते आणि त्यासाठी रंगीत तक्ता लागत नाही. तेव्हा बायांनो, तक्ता पुसा आणि आधी पूरकाच्या (श्वास घेण्याच्या) दुप्पट रेचक (श्वास सोडणं) साधा. श्वास रोखण्याची, म्हणजे कुंभकाची घाई नको, आणि रक्तदाब असेल तर कुंभक डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नका.