‘खासगी’ या शब्दाची कहाणी

वाड्याच्या एखाद्या दारावर ‘खासगी’ असा शब्द लिहिलेला असला, म्हणजे त्याचा अर्थ कोणाला विचारावा लागत नाहीं. परका मनुष्य ओसरीवर बसतो, माजघरांत शिरत नाहीं. संगणकाच्या आज्ञावलींतहि हाच शब्द ‘प्रायव्हेट’ या रूपानें लिहिलेला असतो. परंतु तेथें त्याचा अर्थ दिसतो तितका सरळ नाहीं. दुसऱ्यानें रचलेल्या संगणकी खेळांत आपल्या कल्पनेची भर घालणारे जे हौशी लोक आहेत, त्यांना या शब्दाशीं वारंवार झगडावें लागतें. अशा भरीला ‘मॉड’ म्हणतात. हें दार कोणीं बसविलें, कशासाठीं बसविलें आणि तें उघडणाराला कोणती किंमत द्यावी लागते, याचा इतिहास आज आपणांपुढें थोडक्यांत मांडावयाचा आहे.

या कथेचा आरंभ नॉर्वे देशांत होतो. ओस्लो येथील नॉर्वेजियन संगणन केंद्रांत ओले-योहान डाल व क्रिस्टेन निगार्ड या दोन विद्वानांनीं ‘सिम्युला ६७’ ही भाषा सिद्ध केली. माहिती आणि त्या माहितीवर चालणाऱ्या क्रिया एकत्र बांधून त्यांचा एक वर्ग, म्हणजे ‘क्लास’, करावयाचा, ही कल्पना तेथें आकारास आली. परंतु मूळ सिम्युलांत वर्गाचें कोणतेंहि अंग झांकण्याची सोय नव्हती. घर होतें, पण दारांना कड्या नव्हत्या.

कडी कां लावावी, याचें उत्तर डेव्हिड पार्नस यांनीं १९७२ सालच्या एका निबंधांत दिलें. त्यांचें म्हणणें असें कीं, मोठ्या आज्ञावलीचे भाग पाडतांना जे निर्णय पुढें बदलण्याचा संभव आहे, ते एकेका भागाच्या पोटांत दडवून ठेवावे. म्हणजे बदल झाला तरी त्याची झळ शेजारच्या भागांना लागणार नाहीं. हें दडविणें चोराच्या भीतीनें नव्हतें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. जी भिंत उद्यां पाडावयाची आहे, तिच्यावर शेजाऱ्यानें आपली तुळई टेकूं नये, एवढाच त्यांतील हेतु होता.

पुढें डेन्मार्कचे ब्यार्ने स्ट्रौस्ट्रुप यांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९७९ सालीं जें काम हातीं घेतलें, त्यांतून सी++ ही भाषा निघाली आणि ‘पब्लिक’ व ‘प्रायव्हेट’ हे शब्द सर्वत्र रूढ झाले. ही व्यवस्था अनवधानानें होणाऱ्या चुकीपासून रक्षण करते, जाणूनबुजून केलेल्या लबाडीपासून नव्हे, हें स्ट्रौस्ट्रुप यांनीं स्वतःच स्पष्ट केलें आहे. तेथें तपासणी करतो तो कंपायलर. त्याचें काम संपून यंत्रभाषा तयार झाली, कीं ‘प्रायव्हेट’ या शब्दाचा मागमूसहि उरत नाहीं.

२००२ सालीं मायक्रोसॉफ्टनें डॉट नेट ही प्रणाली बाजारांत आणली, तेव्हां मात्र निराळाच प्रकार घडला. या प्रणालींत कंपायलर जी ‘असेंब्ली’ तयार करतो, तिच्यांत शेवटची यंत्रभाषा नसून एक मधली भाषा असते. आणि तिच्यासोबत एक संपूर्ण नोंदवही असते. कोणत्या वर्गांत कोणते घटक आहेत, त्यांचीं नांवें काय, त्यांतील खासगी कोणते व सार्वजनिक कोणते, हें सर्व तींत लिहिलेलें असतें. आज्ञावली चालत असतांनाच ही नोंदवही वाचण्याची जी सोय आहे, तिला ‘रिफ्लेक्शन’ म्हणतात. नांव सांगावें, सार्वजनिक नसलेले घटकहि शोधावेत अशी सूचना द्यावी, कीं खासगी घटक हातीं येतो. तो वाचतां येतो आणि बहुधा बदलतांहि येतो. दाराला कुलूप आहे, आणि किल्ली शेजारच्याच खुंटीवर टांगलेली आहे, असा हा मामला झाला!

खेळांच्या जगांत ही किल्ली पोंचली ती युनिटी या खेळ-यंत्रणेमुळें. २००५ सालीं निघालेल्या या यंत्रणेनें डॉट नेटची मोनो नांवाची मुक्त आवृत्ति स्वीकारली. त्यामुळें अनेक खेळांचें सारें अंतरंग ‘असेंब्ली-सीशार्प’ नांवाच्या एका फाइलींत उघडपणें येऊन बसलें. ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’, ‘रिमवर्ल्ड’, ‘सिटीज स्कायलाइन्स’ या खेळांभोंवतीं मॉड रचणारांचे मोठे समुदाय उभे राहिले, त्याचें एक कारण हेंच होय. स्वीडनमधील आंद्रेआस पार्डाइक यांच्या ‘हार्मनी’ या साधनानें तर मूळ फाइलीस हात न लावतां, खेळ चालू असतांनाच, त्यांतील खासगी क्रियेच्या आधीं किंवा नंतर आपली क्रिया जोडण्याची वाट सुलभ केली. दुसरी एक युक्ति अशी कीं, असेंब्लीची एक प्रत घेऊन तींतील सर्व घटकांवर ‘सार्वजनिक’ असा शिक्का मारावयाचा आणि आपला मॉड त्या प्रतीच्या आधारें कंपाइल करावयाचा. ही प्रत आपल्यापाशींच ठेवावी लागते. ती वांटणें म्हणजे दुसऱ्याची कृतीच वांटणें होय.

आतां किमतीकडे वळूं. रिफ्लेक्शनमध्यें घटकाचें नांव साध्या अक्षरांच्या मालिकेनें दिलेलें असतें. खेळाच्या कर्त्यानें नव्या आवृत्तींत तें नांव बदललें, तर मॉडचा कंपायलर कुरकुर करीत नाहीं. शोध रिकाम्या हातानें परत येतो आणि खेळ ऐन रंगांत कोलमडतो. याहून घातक दुसरा प्रकार. पात्राच्या प्रकृतीचा आंकडा बदलण्यासाठीं कर्त्यानें एक क्रिया नेमलेली असते, व ती त्या आंकड्याबरोबर इतर चार नोंदीहि नीट करते. मॉडनें आंकडा परस्पर बदलला, तर त्या नोंदी जुन्याच राहतात. खेळ बंद पडत नाहीं. चुकीच्या अवस्थेंत साठविला जातो, आणि कोणाच्या तरी महिन्यांच्या खेळाचा नाश नंतर उघडकीस येतो. तोंवर दोष कोणाचा, हें सांगणेंहि कठीण होऊन बसतें.

या झगड्याचे निकाल निरनिराळे लागले. युनिटीनें २०१५ सालापासून मधल्या भाषेचें सी++ मध्यें रूपांतर करण्याची पद्धति आणली आणि तशा खेळांत शिरकाव पुष्कळच अवघड झाला. जावा भाषेनें २०२१ सालीं आपल्या अंतर्भागाचें कुलूप घट्ट केलें. उलट, डॉट नेटच्या २०२३ सालच्या आठव्या आवृत्तींत खासगी घटकापर्यंत जाण्याची एक अधिकृत वाट दिली गेली. मात्र तिच्या नांवांतच ‘अनसेफ’, म्हणजे असुरक्षित, हा शब्द घातला. ‘स्टारड्यू व्हॅली’च्या कर्त्यानें २०२४ सालच्या १.६ या आवृत्तींत मॉड रचणारांसाठीं अनेक सोयी मूळ खेळांतच करून दिल्या. ज्या दारावर पुष्कळांचे पाय वळतात, तेथें रीतसर उंबरठा बांधणें हाच शहाणपणाचा मार्ग होय.

तात्पर्य, ‘खासगी’ हा शब्द येथें तटबंदी नसून एक सूचना आहे. येथील रचना मी न कळवितां बदलीन, असें कर्ता त्या शब्दानें सांगत असतो. मॉड रचणारानें आंत जाऊं नये असें नव्हे. त्यांतूनच कित्येक खेळांना दीर्घायुष्य लाभलें आहे. परंतु आंत जातांना सार्वजनिक वाट आहे काय हें आधीं पाहावें, घटक सांपडला नाहीं तर निमूटपणें माघार घेण्याची तजवीज ठेवावी, आणि मोडतोड झाल्यास तिची जबाबदारी कर्त्यावर न ढकलतां आपण पत्करावी. परक्याच्या माजघरांत शिरणारानें निदान एवढी रीत तरी पाळली पाहिजे.