खानकाठची मराठी

इंदूरच्या छत्रीबागेत होळकरांच्या जुन्या छत्र्या आहेत. थोरल्या मल्हाररावांचे देहावसान १७६६ मध्ये आलमपूर येथे झाले व तेथेही त्यांची छत्री आहे; तरी घराण्याने स्मरणाची जागा इंदुरातही राखली. या शहराची नदी खान, शिप्रेची एक लहानशी उपनदी. शहरातच तिला सरस्वती मिळते. पुढे उज्जैनच्या त्रिवेणीवर ती शिप्रेत मिसळते आणि तिचे पाणी चंबळ व यमुनेवाटे गंगेला जाते. मल्हाररावांच्या होळ गावची नीरा मात्र भीमेतून कृष्णेला, म्हणजे कर्नाटकाच्या वाटेने जाते. एका घराण्याचे मूळ आणि वैभव अशा दोन निरनिराळ्या खोऱ्यांत विभागलेले आहे.

अहिल्याबाईंनी राजधानी नर्मदाकाठी महेश्वरास नेली. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला, जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला आणि दरबार इंदुरास आला. महिदपूर शिप्रेच्या काठी. तेथे हरलेले राज्य शिप्रेच्याच उपनदीकाठी स्थिरावले. कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव यांच्या छत्र्या छत्रीबागेत नाहीत. त्या कृष्णपुऱ्यात, खानच्या अगदी काठावर उभ्या आहेत.

भोवतालचा मुलूख माळवी बोलणारा. मराठी आली ती दरबाराच्या, दप्तराच्या आणि फौजेच्या बरोबर. तरीही राज्याश्रयाखेरीज तिला येथे मुळे नव्हती, हे मत आम्हांस मान्य नाही. मराठी साहित्य संमेलन इंदुरात १९१७, १९३५ आणि २००१ साली भरले. यांतील शेवटचे तर होळकर संस्थान विलीन होऊन अर्धे शतक उलटल्यावरचे! हिंदी साहित्य संमेलनही येथे १९१८ आणि १९३५ मध्ये, दोन्ही वेळा गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरले. एकाच शहराने दोन्ही भाषांना मांडव घातला आणि त्यापायी कोणाची पाटी उतरवावी लागली नाही. सीमाबांधवांनी हे मुद्दाम ध्यानी घ्यावे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी आमचा बेळगाव-कारवारचा भाग म्हैसूर राज्यात गेला. त्याच दिवशी इंदूर नव्या मध्य प्रदेशात आले. इंदूरकरांनी भूमीवर हक्क सांगितला नाही, कारण भोवतालची खेडी मराठी नव्हती. आमची होती व आहेत. म्हणून इंदूरचा दाखला देऊन आम्हांस 'तुम्हीही तसेच मिसळून राहा' असे सांगणाऱ्यांचा युक्तिवाद टिकत नाही.

आता नदीच्या नावाविषयी. इंग्रजी गॅझेटियरांत ती 'खान' आहे. अलीकडच्या सरकारी कागदांत 'कान्ह' झाली आहे. बेळगावचे बेळगावी झालेले पाहिलेल्या आम्हांस अशा बदलाचे कान लवकर टवकारतात. बदल करणाऱ्यांनी जुने रूप कोणते, हे आधी कागदावर दाखवावे. नाव सुधारण्याची घाई होते, पाण्याची तेवढी होत नाही: शहराच्या सांडपाण्याने ही नदी नाला झाली आणि २०१६ च्या सिंहस्थापूर्वी तिचे पाणी शिप्रेच्या स्नानघाटांपासून दूर वळवण्यासाठी नळवाहिनी टाकावी लागली. होळकरांचे दप्तर मोडीत आहे. आपल्यापैकी ज्यांना मोडी वाचता येते, त्यांनी त्यात या नदीचे नाव कसे लिहिले आहे ते शोधून आम्हांस कळवावे.